माझा पाळणा कोणता

त्या शुक्रवारी मी देवळात दर्शनाला नाही, देवीशी भांडायला गेले होते. अनुभव सांगताना अशी सुरुवात शोभत नाही, ठाऊक आहे; पण खोटी नम्रता आणू कुठून? तिसऱ्यांदा माझी कूस रिकामी झाली होती. पहिली दोन तिसऱ्या महिन्याच्या आतच गेली. हे पाच महिने राहिलं, हलू लागलं आणि मग गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "नवसात कायतरी कमी पडलं आसंल." त्यांनाही दुःख होतं, पण ते वाक्य काळजात रुतलं ते रुतलंच. पुढच्याच आठवड्यात शेजारी बारसं होतं. बोलावणं फक्त सासूबाईंना आलं.

भवानी पेठेतल्या आमच्या या देवळामागे उंबर आहे. मूल हवं असलेली बाई त्याच्या फांदीला वीतभर लाकडी पाळणा बांधते आणि मूल झालं की येऊन सोडते. मीही बांधला होता. तो काढून न्यायचा आणि देवीशी संबंध तोडायचा, एवढंच ठरवलं होतं.

पण झाडावर पन्नासएक पाळणे. सगळे देवळाबाहेरच्या एकाच दुकानातले, उन्हापावसानं सारखेच करडे पडलेले. माझा कोणता, मला ओळखता येईना. स्वतःचीच चीड आली. हाताला आला त्याची गाठ मी ओढू लागले, तर ती सुटेना.

पारावर एक म्हातारी तेलुगू बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. पानं कापायची कात्री तिनं माझ्यापुढे धरली. "काप की. नखं कशाला मोडतीस?"

कात्री दोरीला लावली आणि हात थांबला. हा दुसऱ्या कुणाचा असला तर? ती आत्ता कुठंतरी पोटावर हात ठेवून दिवस मोजत असली तर? मला कापवेना.

"किती म्हैन्याचं व्हतं?" म्हातारीनं विचारलं.

"पाच."

"बघितलीस का त्याला?"

"नाही. कुणी दाखवलंच नाही. मुलगी होती म्हणे."

हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं, नवऱ्यानंसुद्धा नाही. मी पाराला टेकून हमसून हमसून रडले. म्हातारीनं समजूत घातली नाही, देवीची बाजूही घेतली नाही. "माझाबी व्हता तितं," ती वर बघत म्हणाली. "कवाच कुजून पडला. पोर न्हाय झालं. लई राग आला की हितं येऊन बसते."

पोथीतली असती तर ही बाई डोळ्यांदेखत अदृश्य झाली असती. ही मात्र पुढच्या बोळात राहते, तंबाखूच्या धुरळ्यानं खोकते आणि मी केलेल्या चहाला नावं ठेवते. तरी त्या दुपारी तिला तिथं देवीनंच बसवलं होतं, असं मी मानते. जिनं माझ्या पदरात मूल घातलं नाही, तिनं निदान रडायला जागा दिली. त्याबद्दल मी तिचे उपकार मानते, कुरकुरत का होईना.

माझा राग गेलेला नाही. शरण जायचं म्हणजे तो गिळायचा, असं मला वाटायचं. आता तो घेऊनच देवीसमोर उभी राहते आणि काही मागत नाही. मग मागे उंबराखाली जाते. एखाद्या पाळण्याची दोरी ढिली झालेली दिसली की गाठ घट्ट आवळते. तो कुणाचा, मला ठाऊक नसतं. एखादवेळी माझाही असेल.