हिल्लीचं दुसरं इंजेक्शन

फेम्मी टोप्या करायची. नेदरलँड्समधल्या आमच्या गावात बायका रविवारी उघड्या डोक्यानं चर्चमध्ये जात नाहीत, त्यामुळे गावातल्या प्रत्येक बाईचं डोकं कधी ना कधी तिच्या हाताखालून गेलेलं. घराची पुढची खोली हेच दुकान. एक आरसा, एक उंच खुर्ची, लाकडी साचे, आणि दातांत टाचण्या धरून बोलणारी फेम्मी. टाचण्या असल्या म्हणून ती कधी गप्प बसली नाही.

जूनमध्ये ती गेली. तीस वर्षांची होती. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग.

मी तिची शाळेपासूनची मैत्रीण. मी साहित्य शिकले, पण तिच्याबद्दल लिहायला बसले की वाक्यं तुटतात. तुटू देत.

या कर्करोगावर लस आहे. आमच्या देशात ती मुलांना फुकट मिळते. नदीपलीकडच्या शहरात बहुतेक मुली घेतात. आमच्या गावात, आणि आमच्यासारख्या गावांच्या सगळ्या पट्ट्यात, फार थोड्या. वर्तमानपत्रात एकदा नेदरलँड्सचा नकाशा आला होता. जिथे लस जास्त तिथे गडद रंग. आमचा पट्टा फिकट. तेव्हा फेम्मी ठणठणीत होती. नकाशा आरशाला टेकवून म्हणाली, "बघ लामी, आपलं गाव कसं धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतंय!"

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. म्हणून लस देणं म्हणजे मुलगी बिघडणार हे आईनंच गृहीत धरणं, असं आमच्याकडे मानतात. शिवाय आजार द्यायचा की नाही हे देवानं ठरवायचं. आमच्या मुली एकाच पुरुषाच्या होतात, मग भीती कसली? या हिशेबात पुरुषाला कोणी धरलंच नव्हतं.

आम्ही चौदा वर्षांच्या असताना शाळेतल्या मुलींसाठी लस आली. आमच्या दोघींच्या आयांनी नको म्हटलं. पुढे मी शिकायला उट्रेख्टला गेले आणि तिथे घेतली. फोनवर फेम्मीला सांगितलं, तूही घे. ती खदखदून हसली.

"तुला लागेल बाई. तू कादंबऱ्या वाचतेस. मला कशाला? मला रूलोफ आहे."

रूलोफ लग्नाआधी काही वर्षं रोटरडॅमच्या बंदरात कामाला होता. मग गावी आला, गाई घेतल्या, फेम्मीशी लग्न केलं. भला माणूस. कमी बोलणारा.

आजार कळला तेव्हा तो पसरलेला होता. केस गेले. फेम्मी घरात स्वतःच्याच टोप्या घालून बसायची. "आता सगळ्या बसतात मला," म्हणायची. "गिऱ्हाइकांच्यासुद्धा."

तिची हिल्ली दहा वर्षांची झाली. आता लस दहाव्या वर्षीच देतात. दोन इंजेक्शनं, मध्ये सहा महिने. इतक्या लहान मुलीसाठी आईबाप दोघांचा होकार लागतो. रूलोफ नाही म्हणाला.

"देवाच्या हातातलं आपण काढून घ्यायचं नाही," तो म्हणाला. मी तिथेच बसले होते.

फेम्मीनं हातातली टोपी खाली ठेवली. "रूलोफ, मी तुझ्याआधी कुणाचा हातसुद्धा धरला नव्हता. हे माझ्याकडे कुठून आलं, ते मी तुला विचारलं नाही. विचारणारही नाही. तू फक्त हो म्हण."

तो उठून गोठ्यात गेला. दूध काढून झालं तरी आत आला नाही. आला तेव्हा बूटसुद्धा न काढता दारातून म्हणाला, "बुधवारी गाडी मी आणतो."

आमच्या गावात ज्यांना लस घ्यायची ते गावच्या दवाखान्यात घेत नाहीत. शहरातल्या खेळाच्या हॉलमध्ये जातात. तिथे कोण ओळखतं? बुधवारी दुपारी शाळा नसते, म्हणून बुधवार. फेम्मीनंही तसंच ठरवलं. रूलोफ गाडीतच बसून राहिला. मी फेम्मीला धरलं, फेम्मीनं हिल्लीला.

हॉलमध्ये रांग होती. रांगेत आमच्या गावच्या पाच बायका होत्या.

सगळ्यांनी भिंतीवरच्या बास्केटबॉलच्या कड्याकडे पाहायला सुरुवात केली. सगळ्यात पुढे कोट घातलेली, रुमालात चेहरा गुंडाळलेली एक म्हातारी नातीचा हात धरून उभी.

"मार्खिन काकू," फेम्मी माझ्या कानात म्हणाली.

"कशावरून?"

"बाईनं चेहरा झाकलाय. डोकं कसं झाकेल? मापलंय मी ते."

मार्खिन काकू म्हणजे चर्चच्या पंचांची बायको. दर हिवाळ्यात दोन पंच घरोघरी येतात, कॉफी घेतात, आणि तुमची श्रद्धा नीट आहे ना ते बघतात. काकूंचा नवरा तीस वर्षं त्यांतला एक. लसीचं नाव निघालं की गावातल्या बायका आधी काकूंना विचारायच्या. काकूंचं उत्तर ठरलेलं. आपण असलं करत नाही.

हिल्लीनं इंजेक्शन घेतलं. रडली नाही. परत येताना गाडीत फेम्मी एवढंच म्हणाली, "सगळ्याच येतात, लामी. एकएकट्या."

पुढच्या आठवड्यात काकू दुकानात आल्या. उन्हाळी टोपी हवी होती, निळी. फेम्मीला उभं राहवत नव्हतं, म्हणून काकूंना खुर्चीवर बसवून ती स्टुलावर बसली. मी टाचण्या देत होते.

"काकू, तुमच्या मुलीला, आल्येलाही लस दिली होती का? आम्ही शाळेत होतो तेव्हा?"

आरशात काकूंचे डोळे हलले.

"त्याच हॉलमध्ये," त्या म्हणाल्या.

"माझी आई तेव्हा तुमच्याकडे विचारायला आली होती."

"हो."

"आणि तुम्ही?"

"माझा नवरा पंच होता गं."

फेम्मीनं टोपीची कड वळवली. टाचणी नीट बसली.

"काकू, दुसरं इंजेक्शन ऑक्टोबरमध्ये आहे. तोवर मी नसेन. रूलोफ एकटा पडला की मागे सरेल, मला माहीत आहे. आणि त्याच्या बहिणीची, यान्नाची मुलगी हिल्लीच्याच वयाची आहे. तिला कोण सांगणार? लामीचं कोण ऐकतं? ती चर्च सोडून गेलेली. तुम्ही बोला. एकदाच, सगळ्यांसमोर."

काकू खुर्चीवरून उठल्या. टोपी घेऊन गेल्या.

फेम्मीच्या अंत्यविधीत काकूंनी तीच टोपी घातली होती. उन्हाळा गेला. काकू बोलल्या नाहीत.

ऑक्टोबरच्या त्या बुधवारी मी हॉलच्या दाराशी उभी होते. ठरलेली वेळ टळून गेली. मी रूलोफला फोन केला नाही. करून काय म्हणणार होते? मग त्याची गाडी दिसली. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या पिंपांमागे त्यानं ती लावली. या वेळी तो आत आला. हिल्लीचा हात त्यानं असा धरला होता की तिची बोटं पांढरी पडली होती.

इंजेक्शन झालं. बाहेर आल्यावर तो हिल्लीसमोर उकिडवा बसला.

"आजीनं विचारलं तर आपण बूट घ्यायला आलो होतो."

"पण आपण बूट घेतलेच नाहीत."

"घेऊ."

त्यानं खरंच घेतले. काळे, बकलचे.

रविवारी चर्चनंतर फेम्मीच्या आईकडे कॉफीला मी मुद्दाम थांबले. चर्चला नाही, पण कॉफीला मला अजून बोलावतात. मार्खिन काकू होत्या, पंच होते, यान्ना तिच्या मुलीला घेऊन आली होती. आईनं कॉफी ओतली आणि हिल्लीच्या पायांकडे पाहिलं.

"अगं बाई, नवे बूट! बुधवारी हेच घ्यायला गेला होतात होय?"

हिल्लीनं बापाकडे पाहिलं. मग आजीकडे बघून स्वच्छ आवाजात म्हणाली, "हो."

अगदी मोठ्या बायकांसारखी म्हणाली. रूलोफनं मान खाली घातली.

"मला वाटलं, त्या लसीसाठी गेलात की काय," यान्ना म्हणाली. "आम्हालाही बोलावणं आलंय. पण आपण असलं काही करत नाही. नाही का हो, काकू?"

मार्खिन काकूंनी कप बशीत ठेवला. निळी टोपी डोक्यावर होती.

"मी करते," त्या म्हणाल्या. "या मुलीनंही बुधवारी तेच केलं. माझ्या नातीनं केलंय. आल्येनंही केलं होतं, फेम्मी चौदाची होती तेव्हा."

पंच म्हणाले, "मार्खिन."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला तेव्हाही माहीत होतं."

फेम्मीची आई किटली धरून तशीच उभी होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते आणि नजरही हटत नव्हती.

"मी तुझ्या दारात आले होते," आई म्हणाली. "पाऊस होता. मी तुला विचारलं होतं, मार्खिन."

"हो."

"तू म्हणालीस, देवावर सोड."

"हो."

आईनं सगळ्यांचे कप भरले. पंचांचा भरला, रूलोफचा, यान्नाचा, माझा. मार्खिन काकूंच्या रिकाम्या कपापाशी ती आली, थांबली, आणि किटली घेऊन आत निघून गेली. स्वयंपाकघराचं दार लागलं.

काकू तशाच बसून राहिल्या. हिल्ली वाकून बुटाचं बकल काढत होती, घालत होती. यान्ना हळूच म्हणाली, "बुधवारी किती वाजता असतं ते?"

काकूंनी वेळ सांगितली. आतून नळाचा आवाज येत होता, आणि तो बंद होत नव्हता.