पूर्वी वापरात असलेली काटवट

परवा बायकोनं ज्वारीचं पीठ मळलं आणि ओल्या काटवटीचा आंबूस वास घरभर पसरला. त्या वासासरशी मला विद्यापीठात शिकत असतानाचं ते प्रदर्शन आठवलं.

बीडच्या एका छोट्या संग्रहालयाबरोबर आम्ही विद्यार्थ्यांनी ऊसतोड कामगारांच्या संसाराचं प्रदर्शन मांडलं होतं. भाकरी थापायची ही लाकडी काटवट मी उमापूरच्या चुलत काकूकडून आणली होती. तिची टोळी ऊसतोडीला निघायच्या आत परत देतो, असा शब्द दिला होता. पण प्रदर्शनाची मुदत वाढली, कौतुक होत राहिलं आणि मी तो शब्द सोयीनं विसरलो.

एका दुपारी काकूच प्रदर्शनाच्या दारात उभी. बाहेर संसार भरलेला ट्रक थांबला होता.

काचेतली चिठ्ठी दाखवून तिनं विचारलं, "लिव्हलंय काय?"

"पूर्वी वापरात असलेली काटवट," मी वाचलं.

"पूर्वी?" ती हसायलाच लागली. "आन् आता कारखान्यावर भाकरी तुझ्या काचंवर थापू व्हय रे?"

संग्रहालयाच्या बाईंनी कपाट उघडून काटवट तिच्या हातात दिली. मी जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली, "काटवट कामावर गेली आहे."

ट्रक हलला तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. कपाट आम्ही रिकामंच ठेवलं. लोक सगळ्यात जास्त वेळ तिथंच थांबायचे.

पुढं काही वर्षांनी, हात थकल्यावर, काकूनं काटवट मला दिली. म्हणाली, "काचंत ठिवू नको फक्त."