साडेतीन लाखांची हौस

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला आणि सिरसाळ्याजवळच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कडब्याची शेवटची गंजी जनावरांपुढं पडली. शेडच्या तळाला फळ्या निघाल्या, फळ्यांखाली ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली मोटार.

मोटार तिथं आहे हे त्या घराला माहीत नव्हतं असं नाही. जुन्या मालकांनी, म्हणजे कापसाच्या एका व्यापाऱ्यानं, तरुणपणी हैदराबादला एका अधिकाऱ्याकडून ती घेतली होती. दोन माणसांची, कापडी टपाची, लांब नाकाची विलायती गाडी, तारांच्या चाकांची. आमच्या भागात तेव्हा बैलगाडीला धड रस्ता नव्हता, तिथं ही जमिनीपासून वीतभर उंचीची गाडी काय चालणार? चार-सहा वर्षं मिरवली, मग शेडमध्ये गेली. पुढं दरसाल तिच्यावर कडबा रचत गेले. म्हातारे गेले, गाडी राहिली.

मी तेव्हा घाटनांदूरला गॅरेज चालवायचे. अजूनही चालवते. इंजिनं, पाण्याच्या मोटारी, ट्रॅक्टर, जे येईल ते. वडील साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. उसाअभावी कारखाना बंद पडला, तेव्हा त्यांनी रस्त्याकडेला भाड्यानं गाळा घेतला. पुढं त्यांची नजर अधू झाली आणि मी नवऱ्याचं घर सोडून परत आले, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. गाळा माझ्याकडं आला. पहिली दोन वर्षं लोक दारात येऊन विचारायचे, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी पाना हातात धरून उभी असायचे. तिसऱ्या वर्षापासून विचारणं थांबलं.

गाडी निघाल्यावर आठवड्याभरात आमच्या भागातल्या सोसायटीचे चेअरमन माझ्या गाळ्यावर आले. गाडी घेतलेल्या व्यापाऱ्याचे हे धाकटे चिरंजीव. थोरले वारले होते. त्यांची बायको आखाडा एकटीनं बघायची. गाडी दोन्ही घरांची सामाईक. चेअरमनना ती आपल्या नव्या मंगल कार्यालयासमोर चौथऱ्यावर उभी करायची होती, आणि अर्धी किंमत वहिनीला देऊन मोकळं व्हायचं होतं.

"वहिनीला तुजा भरवसा हाय," ते म्हणाले. "तू ये, बघ, आन सांग की भंगार हाय. पंचवीस हजारात सगळं मिटतंय."

"बघितल्याबिगर कसं सांगू?"

"त्यात बघायचं काय? कडब्याखालून निघालेलं हाय ते." मग त्यांनी खरं ते सांगितलं. "गुरांच्या छावणीवरच्या पंपांचं काम संस्थेकडं हाय. चार छावण्या. मिस्त्री लागंलच की."

दुष्काळात पंप बंद, म्हणून माझं काम बंद. चार छावण्यांचं काम म्हणजे वर्ष निभावलं असतं. हे त्यांना माहीत होतं, म्हणूनच ते आले होते. उसाचा भाव, दुधाचा भाव, कडब्याचा भाव ठरवायची त्यांना सवय होती. माल आम्ही न्यायचा आणि भाव त्यांनी सांगायचा. मी म्हणाले, "येते."

मी सकाळी लवकर गेले. थोरल्या घरच्या त्या बाईंना मी काकू म्हणायचे. कपाळावर भस्माची बोटं, हातात विळा, पदर खोचलेला. त्यांनी शेडचं दार उघडून दिलं आणि "बघ बाई निवांत," म्हणून गुरांकडं गेल्या.

मी दिवसभर बघितली. आधी लोहचुंबक घेऊन पत्र्यावरून फिरवलं. जिथं गंजाची भोकं बुजवायला लांबी भरलेली असते तिथं चुंबक धरत नाही. या गाडीला ते सगळीकडं घट्ट बसलं. मूळचा पत्रा होता. मग खाली पाठीवर सरकत जाऊन चासीचा सांगाडा ठोकून बघितला. समुद्राकाठच्या गाडीला आतून गंज खातो, वरून कळतही नाही. इथं गंज नावाला होता. आमच्या जिल्ह्यानं माणसं वाळवली, विहिरी वाळवल्या, पण त्याच कोरडेपणानं हे लोखंड मात्र राखलं होतं. दाराच्या आतल्या लाकडाला वाळवी होती, गादी आणि वायरी उंदरांनी फस्त केल्या होत्या, टपाच्या चिंध्या झाल्या होत्या. इंजिनवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच होता. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, जेवण करून आले आणि हँडलला हात घातला. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा बोटभर हललं. मग एकदम सुटलं, आणि पिस्टन वर येताना प्लगच्या भोकावर धरलेला माझा अंगठा हवेनं उडवला.

माझं मन बसलं ते तिथंच. आयुष्यभर मी दुसऱ्यांची इंजिनं दुरुस्त केली, त्यातलं एकही मला हवंसं वाटलं नव्हतं. हे वाटलं.

पण मी तिथं भाव सांगायला गेले होते. पुण्याला जुन्या गाड्यांचं काम करणारा एक मिस्त्री वडिलांच्या ओळखीचा होता, त्याला फोन लावला. अशा गाडीचा भाव काढायची रीत साधी आहे. तयार, चालती गाडी किती जाते? ती तशी करायला खर्च किती? आणि पोटात काय निघेल याची भीती किती धरायची? पहिल्यातून पुढचे दोन वजा. त्यानं पुण्याचा भाव सांगितला, मी खर्च मांडला, भीती जरा जास्तच धरली. चार लाख आले. पुन्हा मांडले, तेवढेच आले.

संध्याकाळी चेअरमन आले. काकूंनी चहा ठेवला. मी म्हणाले, "चार लाख."

चेअरमननी कप खाली ठेवला. "काय?"

"चार लाख किंमत हाय. काकूंचा वाटा दोन."

"डोकं ठिकाणावर हाय का तुजं? ह्या डब्याचे चार लाख?" मग ते हसले, पण हसणं बरं नव्हतं. "एवढी किंमत हाय तर तूच घे की."

ते बोलायचं म्हणून बोलले होते. मी म्हणाले, "घेते."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. मीही दचकलेच होते, पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि परत घ्यावंसंही वाटेना. पैशासाठी आठ दिवसांची मुदत ठरली.

माझ्याकडं पैसे होते. गाळ्याच्या मागची जागा विकत घ्यायची म्हणून नऊ वर्षं साठवलेले. घरी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "जागा कायमची असती. गाडी म्हंजे हौस."

"मग हौस म्हणा."

"दुष्काळात?"

"चेअरमननी मंगल कार्यालय दुष्काळातच बांधलं ना? त्यांना कुणी विचारलं?"

गावात बातमी पसरली. बायका पाण्याच्या टँकरच्या रांगेत घागरी धरून उभ्या आणि बोलणं माझ्या गाडीचं. इथं प्यायला पाणी नाही आणि हिला मोटार पाहिजे, तीसुद्धा बिनटपाची. जणू मी ते पैसे दिले नसते तर टँकर वेळेवर आला असता. गरिबानं दुष्काळात लग्न करावं, देवाला जावं, औषधपाणी करावं, त्याला कुणाचीच हरकत नसते. स्वतःला आवडलं म्हणून काही घेतलं की साऱ्या गावाच्या पोटात दुखतं. त्यात बाईनं घेतलं की विचारूच नका. मी रांगेत माझी घागर पुढं सरकवत राहिले.

पैसे द्यायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गाडी बघायला गेले. घेणाऱ्याच्या डोळ्यांनी एकदा बघावं म्हणून. इंजिनच्या बाजूचा जुना चिखल खरवडला आणि ब्लॉकवर वीतभर लांब शिवण दिसली. कधीतरी भेग गेली होती आणि कुणीतरी ती जोडली होती. काम चांगलं होतं, पण भेग ती भेगच. ही मला पहिल्या दिवशी दिसायला हवी होती. एवढ्यासाठी पन्नास हजार कमी व्हायला हवे होते.

पुण्याच्या मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "मग चांगलंच झालं की. भेग दाखवा, वाळवी दाखवा, अडीचवर आणा. आता तुम्ही घेणार आहात."

मी फोन ठेवला. चार देऊन गप्प बसले असते तर माझा शब्द राहिला असता आणि पैसे वाया गेले असते. अडीचवर आणली असती तर चेअरमन आणि मी सारखेच. आणि साडेतीन म्हणाले तर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. ती रात्र मी नीट झोपले नाही, पण सकाळी निघताना आकडा पक्का होता.

आखाड्यावर दोघं होते. मी त्यांना शेडमध्ये नेलं, बॅटरीच्या उजेडात ती शिवण दाखवली आणि म्हणाले, "साडेतीन."

चेअरमनना हेच हवं होतं. "बघा वहिनी! घ्यायची येळ आली की भाव उतरला. आठ दिवसांत पन्नास हजार. आणखी आठ दिवस थांबा, फुकट मागंल."

काकूंनी मला विचारलं, "ही भेग तू आधी कावून न्हाई सांगितली?"

"आधी दिसली न्हाई. चिखलाखाली हुती. माजी चूक हाय, काकू."

मग मी चेअरमनकडं वळले. "साहेब, मी खोटं बोलत असले तर ही गाडी साडेतीनला स्वस्त पडती. मग तुमीच घ्या. काकूंना पावणेदोन द्या आन आत्ता घेऊन जावा. मी मागं सरते. अंबाजोगाईचा, लातूरचा, कुठला मिस्त्री आणायचा तो आणा, त्याचे पैसे मी देते."

काकू म्हणाल्या, "घेता का, भावजी?"

"मला काय करायचंय एवढ्याला," ते म्हणाले.

"मंग हिला द्या."

पदर सावरून त्या शेडच्या बाहेर गेल्या. व्यवहार तिथंच झाला. माझ्या पैशातला निम्मा वाटा चेअरमनच्या खिशात गेला, हे मला आजही टोचतं. पण पंचवीस हजारांतले साडेबारा नव्हे, पावणेदोन लाख काकूंच्या हातात पडले. त्यांनी दोन दुभत्या म्हशी विकायच्या काढल्या होत्या, त्या ठेवल्या.

छावणीचं काम अर्थातच मला मिळालं नाही. सोसायटीचे ट्रॅक्टर माझ्या दारावरून पुढं जायला लागले. दोन-तीन जवळचे शेतकरीही येईनात. त्यांचं कर्ज, खत, सगळं चेअरमनच्या सहीवर, त्यांना दोष कसा देऊ? ते वर्ष आम्ही सायकली आणि शिलाई मशीन दुरुस्त करून काढलं. गाळ्याची मागची जागा एका खतवाल्यानं घेतली. वडिलांनी त्यावर एक शब्द काढला नाही. उलट एक दिवस काठी टेकत आले आणि म्हणाले, "कार्बोरेटर इकडं दे. त्याला डोळे लागत न्हाईत." दोन्ही कार्बोरेटर त्यांनी बोटांनी चाचपत उघडले, धुतले आणि जोडले.

गाडी सुरू व्हायला सव्वा वर्ष गेलं. लाकडाचं काम गावच्या सुतारानं केलं, टप मी स्वतः शिवला. ब्लॉकची जुनी शिवण जशीच्या तशी टिकली. पहिल्यांदा इंजिन पेटलं तेव्हा सायलेन्सरमधून कडब्याचा भुगा उडाला आणि समोरच्या हॉटेलवाल्याच्या भज्यांवर पडला. तो शिव्या देत आला आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारून तसाच उभा राहिला.

कागद माझ्या नावावर करायला बीडला जायचं होतं. चेअरमननी पैसे घेतानाच सही करून दिली होती, काकूंची लागणार होती, म्हणून त्यांना घ्यायला मी गाडी घेऊनच गेले. त्यांनी सासऱ्यांच्या वेळी ही गाडी दुरूनच बघितली होती, बसायला कधी मिळालं नव्हतं. डोक्यावरचा पदर कानामागं घट्ट खोचून त्या शेजारी बसल्या. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "आणखी पळती का?" मी पळवली.

बीडच्या बसस्टँडसमोर रिक्षावाल्यांनी गाडी घेरली. एकानं विचारलं, "केवढ्याला घेतली?"

"साडेतीन लाखाला."

"लई दिले, ताई. फसवलं तुमाला."

"कुणी न्हाई फसवलं," मी म्हणाले. "भाव मीच ठरवला हुता. सरका बाजूला."