फोटोतली चिंच

सोमेशला एका जागी पाच मिनिटं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. रंधा मारता मारता त्याला भलतंच काहीतरी आठवायचं, गिऱ्हाईक बोलत असताना हा दारातून आभाळ बघायचा आणि जेवता जेवता उठून गाडीत पेट्रोल आहे का ते पाहून यायचा. "ह्यांच्या पायाला भिंगरी आन् माझ्या डोक्याला ताप," असं त्याची बायको हर्षाली शेजारणींना सांगायची. तिची तक्रार खरी होती, पण तिला तो तसाच आवडायचा.

धाराशिवात त्याचं लहानसं सुतारकामाचं दुकान. वडिलांनी बैलगाड्या केल्या, हा टेबलं, खुर्च्या, देव्हारे करतो. पण उभं झाड तोडून आणलेल्या लाकडाला तो हात लावत नाही. पाडलेल्या घरांच्या तुळया, वाऱ्यानं पडलेली झाडं, मोडक्या गाड्यांची जोखडं, यातूनच त्याचा माल निघतो. सुरुवातीला सगळा बाजार हसला. मग पुण्याची गिऱ्हाइकं यायला लागली, तसे हसणारेच म्हणू लागले की सोमेश पहिल्यापासून हुशार.

या हट्टामागं कॅमेरा होता. येडशीच्या जंगलात पाखरांचे फोटो काढायला म्हणून गेला आणि पाखरं सोडून झाडांच्याच नादी लागला. तेव्हापासून दर रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून तो जिल्हाभर जुनी झाडं शोधत हिंडतो. फोटो फेसबुकवर टाकायचा, खाली गावाचं नाव, मालकाचं नाव आणि चार ओळी मनापासून लिहायच्या. लोकांनी झाडं बघावीत, जपावीत, एवढाच हेतू. आणि लोक बघत होतेच की, हजारांनी बघत होते.

या रविवारी तो ढोकीजवळ गजराबाईंच्या वस्तीवर गेला. त्यांच्या बांधावरच्या शिरसाच्या झाडाचा फोटो त्यानं मोठा करून, स्वतः चौकट करून, त्यांना द्यायला आणला होता. चौकट हातात घेऊन गाडीवरून उतरला आणि बांधाकडं बघतच राहिला. तिथं शिरस नव्हता. जमिनीलगत कापलेला ताजा बुंधा होता आणि त्याच्याभोवती शेरडं उभी होती.

"या की. तुमचीच वाट बघत हुते," गजराबाई म्हणाल्या. "काय केलं मग आमच्या शिरसाचं? पलंग केला का कपाट?"

"कुणी नेला, मावशी?"

"कुणी म्हंजे? तुमचीच माणसं. मोबाईलमधी ह्योच फोटू दावला, खाली तुमचं नाव. म्या म्हनलं, सोमेशनं धाडल्यात, मंग घासाघीस कशाला करायची. दुसऱ्या कुनाला हात लावू दिला असता व्हय?"

"मावशी, मी कुणालाच धाडलं न्हाय."

गजराबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मंग ते कोन हुते?" एवढंच त्यांनी विचारलं. सोमेशनं चौकट त्यांच्या हातात दिली आणि लगेच त्याला वाटलं, ही आता कशाला दिली.

वस्तीच्या बाहेर येऊन त्यानं फोन काढला आणि शिरसाखाली आपण काय लिहिलंय ते वाचलं. 'खोड सरळसोट, उंचापर्यंत एक गाठ नाही. मोडल्या फांदीत काळाभोर गाभा दिसतो. दोघांच्या कवेत मावत नाही.' किती प्रेमानं लिहिलं होतं त्यानं. सुतारानं झाडाचं कौतुक करायचं म्हणजे आणखी कशाचं करायचं? पण लाकूडवाल्यांना गावोगाव पायपीट करून जे शोधावं लागतं, ते या शहाण्यानं पत्त्यासकट घरपोच दिलं होतं.

मग त्याला धोंडप्पांची चिंच आठवली. तेरखेड्याच्या अलीकडं त्यांच्या शेतात उभी असलेली ती चिंच त्यानं गेल्या आठवड्यातच टाकली होती, आणि तिच्याइतकं कौतुक त्यानं कुठल्याच झाडाचं केलं नव्हतं. धोंडप्पांना फोन लावला, कुणी उचलेना. हर्षालीला लावला.

"पेजवरचे समदे फोटो काढून टाक. आत्ताच."

"समदे? अहो, इतक्या वर्सांचं काम हाय तुमचं."

"काढ म्हनतो ना."

"काढते," ती म्हणाली. "पर ज्यांनी बघितल्यात, त्यांच्या डोळ्यांतून कसं काढू?"

पुढं रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, डुलत डुलत कारखान्याकडं निघालेले. एकाला मागं टाकावं तर पुढं दुसरा. सोमेश हॉर्न वाजवत होता, ड्रायव्हरांना मनातल्या मनात शिव्या घालत होता, आणि त्याहून जास्त स्वतःला. येडशीवरून हायवेला लागल्यावर त्यानं गाडी अशी पळवली की हर्षालीनं पाहिलं असतं तर बोलणंच टाकलं असतं.

चिंच उभी होती. सोमेशला एकदम रडू यायला झालं. खाली बाजेवर धोंडप्पा बसले होते. त्याला बघून ते हसत उठले.

"तुमची माणसं यिऊन गेली की. दोरी लावून मापं घेतली. उद्या येत्यात तोडायला."

"तात्या, ती माझी माणसं न्हाईत. माझ्या नावावर फसवत्यात लोकांना. झाड दिऊ नका त्यांस्नी."

"असं व्हय?" धोंडप्पांनी थोडा विचार केला. "बरं केलं सांगितलं. न्हाय देत मग."

सोमेशचा जीव भांड्यात पडला.

"तुमालाच दितो," धोंडप्पा म्हणाले. "चांगल्या हातात तर जाईल."

"मला नगं, तात्या. तोडूच नका. तुमच्या आज्यानं लावलंय. इतकी वर्सं तुमी राखलं, मग आत्ताच का तोडायचं?"

धोंडप्पांनी चिंचेच्या खोडावर हात फिरवला. सोमेशसारखा जाणकार माणूस असं का विचारतोय, हे त्यांना खरंच कळेना.

"राखलं कसलं? चिंचा झोडायच्या, सावलीला पडायचं, एवढंच आमाला ठावं. आजवर आमी ह्याला झाडच समजत हुतो. परवा नातीनं तुमचं लिवलेलं वाचून दावलं, तवा कळलं ह्याच्यात केवढं लाकूड हाय ते."