उन्हात ठेवलेली बादली

दुबईत, करामा भागातल्या आमच्या जुन्या इमारतीत हिवाळा म्हणजे थंडी कमी आणि गीझरचं बिल जास्त. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं कढत येतं की गीझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणीच आम्ही गार म्हणून वापरतो. डिसेंबरात सगळं उलटं. नळाचं पाणी गार पडतं, गीझर चालू होतो, आणि बिल दिरहमात वाचून रुपयांत घाबरायची माझी सवयही.

मुलगी शिकायला बाहेर गेल्यावर तिची खोली आम्ही वसईच्या एका तरुण जोडप्याला दिली. तो हॉटेलच्या किचनमध्ये, दुपारनंतरच्या शिफ्टला. ती एका क्लिनिकमध्ये, पहाटे जाणारी आणि दुपारी परतणारी. बाथरूम एकच, बिल निम्मं निम्मं.

घरातून निघण्याआधी तो गीझर लावायचा, बादलीभर कढत पाणी काढायचा, वर ताट आणि जुना टॉवेल झाकून ठेवायचा. बायको आली की तिला गरम पाणी. क्लिनिकमधून आल्यावर अंघोळीशिवाय ती चहाचा घोटही घेत नसे.

हे मला माझ्या बायकोनं सांगितलं, भाजी निवडता निवडता. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण तिचा आवाज जरासा मऊ झाला होता, आणि तो मऊपणा माझ्यासाठी नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिच्यासाठी कधी एक तांब्याही भरून ठेवला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी नियम केला. गीझर फक्त सकाळी, सगळ्यांच्या अंघोळी उरकेपर्यंत. कारण सांगितलं बिलाचं. खरं कारण ती बादली होती. कुणी वाद घालेल म्हणून मी जुनी बिलंही काढून ठेवली होती.

त्यानं ती बघितलीसुद्धा नाहीत. म्हणाला, "नो प्रॉब्लेम, दादा. उन्हाला कुठे बिल येतं?"

मग तो एक काळी बादली घेऊन आला. जाताना पाणी भरून बाल्कनीत ठेवायचा, वर प्लास्टिक ताणून बांधायचा. बायको परत येईपर्यंत पाणी छान कोमट व्हायचं. बिल खरोखरच उतरलं. माझ्याच नियमानं तो माझ्याहून शहाणा ठरला.

शुक्रवारी आम्हाला अर्धा दिवस. रास अल खोरच्या गोदामातून लवकर घरी आलो, तर माझी बायको बाल्कनीत वाकून ती बादली ओढत होती. सावली पुढे सरकली की ती बादलीही पुढे सरकवायची, रोज. त्यानं सांगितलंय का, असं मी विचारलं. नाही म्हणाली, तिचं तिलाच बरं वाटतं. मी जेवलो नाही. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

पुढच्या शुक्रवारी ती सामान आणायला गेली होती. घरात मी एकटा. बादली उन्हात होती. मी ती उचलून वॉशिंग मशीनमागच्या सावलीत ठेवली, आणि प्लास्टिकही सोडलं. हे मी रागाच्या भरात केलं नाही. शांतपणे केलं, आणि करताना मला बरं वाटत होतं.

क्लिनिकमधून आलेली ती मुलगी अंघोळ करून बाहेर आली तेव्हा तिचे ओठ थरथरत होते. गीझरचं बटण तिनं दाबलं नव्हतं. तेवढ्यात पिशव्या घेऊन माझी बायको आली. "आज ऊन कमी होतं वाटतं, वहिनी," एवढंच बोलून ती मुलगी खोलीत गेली.

बायकोनं बाल्कनीत पाहिलं. ऊन फरशीभर पसरलं होतं, आणि वॉशिंग मशीनमागे बादलीचा ओला गोल उमटला होता. तिनं आधी चहा ठेवला, त्या मुलीला नेऊन दिला, मग माझ्यासमोर येऊन बसली.

"तुम्हाला पाहिजे होतं का ते पाणी?" तिनं विचारलं. "सांगायचं ना. तुमच्यासाठीही ठेवली असती एक."

तिला खरंच तसं वाटत होतं. हो म्हणून सुटता आलं असतं.

"पाणी नको होतं," मी म्हणालो. "तुझ्यासाठी असं काही करायचं मला कधी सुचलं नाही. त्याला सुचतं. आणि तू त्याची बादली सरकवतेस."

तिनं पिशव्या जवळ ओढल्या. मग म्हणाली, "त्याची नाही हो. तिची सरकवते. दमून येते पोर." आणि सामान काढता काढता, "आता सुचलंय तर ठेवा. पण तिला सॉरी तुम्ही म्हणायचं, मी नाही."

म्हणालो. त्या मुलीनं हसून मान हलवली. तिला सगळं कळलं की नाही, मला माहीत नाही.

आता बाल्कनीत दोन बादल्या असतात. दुसरी मी सकाळी कामाला जायच्या आधी भरतो, बायकोसाठी. दिवसभर दोन्ही तीच सरकवते, कारण मी गोदामात असतो. आधी कुठली सरकवते, हे विचारायचं अजून धाडस झालेलं नाही. रोज दुपारी मनात मात्र तेच येतं.