शाळा की नाला?

धंतोलीतल्या हॉस्पिटलमधून कुसुमवहिनींचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच निघालो होतो. "प्रकाशभाऊ, गेले ते..." एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता काही आठवडे झाले.

वहिनींचे यजमान मनोहर काळमेघ, मी त्यांना भाऊ म्हणायचो, वीजखात्यातून निवृत्त झालेले. मनीषनगरातल्या घराच्या वरच्या खोलीत त्यांचा हौशी रेडिओ चाले, परवाना काढून दूरदूरच्या लोकांशी बोलायचा. त्यांचा सेट जुना अमेरिकन, सगळाच्या सगळा काचेच्या व्हॉल्व्हचा. गव्हाच्या पोत्यासारखा जड आणि तापेपर्यंत सूर न धरणारा. माझा जपानी, त्यातले व्हॉल्व्ह फक्त आवाज बाहेर पाठवण्यापुरते. सुरू केला की लगेच तयार. कोणता सरस, यावर आमची वर्षानुवर्षं हुज्जत. "तुया सेट बोलते लय," भाऊ म्हणायचे, "पण ऐकते कमी. तुयासारखाच."

एका पावसाळ्यात रविवारी सकाळी एकदाचा निकाल लावायचा म्हणून मी माझा सेट त्यांच्याकडे नेला. गच्चीवरची एरियलची तार एकच. कोणत्या सेटला जोडायची ते ठरवायला मधे एक स्विच. आभाळ भरलेलं, दोन्ही सेटांतून विजांची नुसती कडकड येत होती. भाऊ आपल्या सेटचं बटण केसाएवढं फिरवत होते आणि एकदम थांबले. "माणूस हाय." मी तार माझ्या सेटला जोडून ऐकलं. नुसती खरखर. पुन्हा त्यांच्या सेटला जोडली. खरखरीच्या तळाशी, विहिरीतून यावा तसा, एक आवाज...

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाकडच्या एका गावातून मडावी गुरुजी बोलत होते. गावाला पुराचा वेढा, मोबाइल बंद, गुरुजींचा छोटा सेट ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. एक बाई बाळंतपणात अडली होती. बोट हवी होती.

भाऊंनी उत्तर दिलं, पण त्यांच्या सेटचे जुने व्हॉल्व्ह थकलेले. गुरुजींना काही ऐकूच जात नव्हतं. तेव्हा ठरलं, ऐकायचं त्यांच्या सेटवर आणि बोलायचं माझ्या. पण दर वेळी स्विच फिरवून तार बदलायची. ती न बदलता मी बोललो असतो तर माझ्या सेटचे व्हॉल्व्ह जळून सगळंच संपलं असतं. भाऊंचा एक हात बटणावर, दुसरा कानावरच्या हेडफोनवर; सेटचा स्पीकरही चालू. माझ्या एका हातात माईक, दुसऱ्यात मोबाइल, त्यावर जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष. भाऊंनी हाक मारली, "कुसुम, वर ये वं, लवकर!" आयुष्यभर त्या खोलीला नावं ठेवणाऱ्या वहिनी पदराला हात पुसत आल्या आणि स्विचपाशी उभ्या राहिल्या. मी मान हलवली की डावीकडे, भाऊंनी हलवली की उजवीकडे.

"बोट कोणत्या बाजूनं घालायची?" मोबाइलवरून विचारणा झाली. पूल पाण्याखाली होता. मी गुरुजींना विचारलं. उत्तराचं शेपूट तेवढं आलं. मला ऐकू आलं, 'नाल्याकडून'. भाऊ म्हणाले, "शाळेकडून." ज्या बाजूला पाण्याची ओढ असेल तिकडून बोट घातली तर बोटीतली माणसंही जाणार.

तेवढ्यात वीज जवळच कुठेतरी पडली. खिडकीची तावदानं थरथरली. "भाऊ, तार काढा. घर जाईल," मी ओरडलो. भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींचा हात स्विचवरून हलला नाही.

"तार काढली तर त्या बाईले कोण ऐकन?" भाऊ म्हणाले. "त्याले सांग, बोलू नको. शाळा असन तर लांब शिट्टी मार. नाला असन तर चूप राह्य."

मी सांगितलं. वहिनींनी स्विच फिरवला. नुसती कडकड... भाऊंनी डोळे मिटले. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. मग त्या गोंधळातून सुईसारखी बारीक, लांब शिट्टी आली. तिघांनाही ऐकू आली.

"शाळा!" मी मोबाइलवर ओरडलो.

बोट शाळेकडून गेली. दुसऱ्या दिवशी गुरुजींचा निरोप आला. आई वाचली होती, बाळ नाही.

मी म्हणालो, "भाऊ, एक जीव तर वाचला." ते म्हणाले, "तो माणूस केव्हाचा हाका मारून राह्यला असन गा... आपण इथं कोणाचा सेट चांगला म्हणून भांडून राह्यलो होतो." त्यानंतर सेटांची तुलना आमच्यात पुन्हा कधी निघाली नाही. भाऊंचं बोलणंही कमी झालं. गप्पा संपल्या की ते सेट बंद करत नसत. कुणीच बोलत नसेल अशा जागी बटण फिरवत, कान लावून नुसते बसून राहत.

परवा मी भाऊंच्या घरी गेलो. वरच्या खोलीतून ती ओळखीची खरखर येत होती. कानावर हेडफोन चढवून कुसुमवहिनी बसल्या होत्या. मला पाहून जरा संकोचल्या.

"बोलाले लायसन लागते म्हणत होते हे," त्या म्हणाल्या. "ऐकाले काय लागते, प्रकाशभाऊ?"

आणि त्यांनी बटण केसाएवढं पुढे सरकवलं.