पाण्यात उभं राहिलेलं ढेकूळ

माती तपासायच्या प्रयोगशाळेत ताईंच्या हुद्द्याचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं, पण काम दोन शब्दांत सांगता येई: ढेकळं बुडवणं. काचेच्या बरणीत पाणी भरायचं, तारेच्या जाळीवर मातीचं ढेकूळ ठेवून अलगद आत सोडायचं, आणि ते कधी विरघळतंय हे घड्याळ लावून बघत बसायचं. साधं ढेकूळ तीन मिनिटांत बसकण मारी. चुना कालवून चार आठवडे ओलसर फडक्यात मुरवलेलं ढेकूळ मात्र दिवसच्या दिवस उभं राही. त्यातलं दोन वर्षांपूर्वीचं एक तर अजून खिडकीतल्या बरणीत उभं होतं, 'हलवू नये' अशी चिठ्ठी लावून. ताईंनी लग्नाचा फोटोसुद्धा इतका जपला नव्हता. अख्खी इमारत त्यांना ढेकूळताई म्हणे आणि त्या 'ओ' देत.

पण गेले आठ महिने काहीतरी बिनसलं होतं. माती तीच, कालव्याच्या बांधाची, दरवर्षी खचणारी. प्रमाण तेच, हात तेच. तरी चुन्याची ढेकळं साध्या ढेकळांच्या पंक्तीला बसून पटापट विरघळत होती.

प्रयोगशाळेचे प्रमुख मातीतले डॉक्टर. शेजारीपाजारी त्यांच्याकडे खोकल्याचं औषध मागायला येत, आणि सोळा वर्षं नकार देऊनही त्यांची ही प्रॅक्टिस कमी झाली नव्हती. शेवटी ते म्हणाले, "ताई, या मातीला चुना मानवत नाही, असं लिहून टाकतो. सहा आठवड्यांनी समिती बसतेय. बांधाला चुना नको म्हणतील, आपलं संशोधन बंद, आणि ही खोली शेजारच्या बियाणंवाल्यांना."

"दोन वर्षांपूर्वी मानवत होता की, साहेब," ताई खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"एका ढेकळावर बांध उभा राहत नाही, ताई."

त्या संध्याकाळी ताई घरी आल्या त्या तोंड पाडून. सासरे खाटेवर पडले होते. जन्मभर गिलाव्याचं काम केलेला माणूस. आता नजर पार अधू झाली होती, पण चुन्याचा विषय निघाला की कान टवकारले जात.

"काय सूनबाई, आज किती बुडवली?"

"सहा. सहाच्या सहा गेली, बाबा."

"चुना फुटला कसा?"

"फुटला म्हणजे?"

"अगं, पाणी पडल्यावर! सुरसुरला का? वाफ आली का? भांडं तापलं का?"

"ते दर सोमवारी नाही करत आता. आठ महिन्यांपूर्वी अख्खं पोतं एकदम विरवलं. भुकटी पिंपात भरून ठेवलीय, लागेल तशी काढायची."

म्हातारबुवा उठून बसले. "पिंपाला झाकण आहे?"

"आहे की."

"घट्ट बसतं?"

ताईंच्या डोळ्यांपुढे चमचा आला. भुकटी काढायचा लांब दांड्याचा चमचा पिंपातच असे, आणि त्या दांड्यामुळे झाकण आठ महिने बोटभर वर.

"विरलेला चुना पाण्याखाली ठेव, दहा वर्षं राहील," सासरे म्हणाले. "पण भुकटी वाऱ्यावर सोडलीस तर त्याचा खडू होतो. मग तो मातीत कालव, नाहीतर फळ्यावर लिही, सारखंच. चाळीस वर्षं भिंती लिंपल्या मी. एक पडली नाही."

"एक पडली होती म्हणे."

"ती ट्रकनं पाडली! त्यात चुन्याचा काय दोष?"

सकाळी ताई सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत पोचल्या. पिंपातली चिमूटभर भुकटी बशीत घेऊन तिच्यावर आम्लाचे चार थेंब टाकले. भुकटी फसफसून वर आली. मग त्यांनी दुसऱ्या, अजून न फोडलेल्या पोत्यातले कळीच्या चुन्याचे खडे काढून पाणी घातलं. खडे तडकले, सुरसुरले, वाफ थेट चष्म्यावर आली. गार झाल्यावर त्या ताज्या भुकटीवर तेच आम्ल टाकलं. एक बुडबुडा नाही. जिवंत चुना आम्लाला शांतपणे गिळतो. फसफसतो तो मेलेला.

आता पंचाईत अशी, की पोतं एकदम विरवायची युक्ती खुद्द ताईंचीच. सोमवारची अख्खी सकाळ वाचते म्हणून साहेबांनी भर बैठकीत त्यांचं कौतुक केलं होतं आणि टाळ्याही पडल्या होत्या. बशी धुऊन टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. दोष मातीवर गेला असता, आणि मातीला कुठे तोंड आहे? पण बांधाला खचायला तोंड लागत नाही.

ताई दोन्ही बश्या घेऊन साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या आणि चमच्यापासून सगळं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे आठ महिन्यांचं काम पाण्यात गेलं."

"ते रोजच जातं, साहेब. सहा आठवडे आहेत. एक आठवडा ढेकळं करायला, चार मुरायला. एक उरतो."

"समितीला अठ्ठेचाळीस ढेकळं लागतात. एका आठवड्यात?"

"अठ्ठेचाळीस."

"आणि चूक कुणाची लिहू?"

"माझी. झाकण उघडं राहिलं तेही लिहा. नाहीतर पुढचा माणूस पुन्हा तेच करेल."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "मग टाळ्या मी वाजवल्या, तेही लिहावं लागेल," म्हणाले, आणि बाह्या सरसावून माती चाळायला बसले.

तो आठवडा ताईंनी राब राब राबून काढला. रोज सकाळी ताजा चुना, रोज सुरसुर, रोज धुकट चष्मा. हातमोजे फाटले, बोटं सोलवटली, पण अठ्ठेचाळीस ढेकळं ओल्या फडक्यांत बाळंतिणीच्या लेकरासारखी गुंडाळली गेली. मग चार आठवडे करण्यासारखं काहीच नव्हतं. ते सगळ्यात अवघड गेलं.

एकोणतिसाव्या दिवशी ताई सासऱ्यांना हाताला धरून घेऊन आल्या. ते रिकामं पिंप उपडं करून त्यावर त्यांना बसवलं. साहेब आले, बियाणंवालेही दारातून डोकावत राहिले. एका बरणीत साधं ढेकूळ सोडलं, ते तिसऱ्या मिनिटाला बसलं. मग चुन्याचं पहिलं.

"काय झालं?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

पाच मिनिटं गेली. "आता?"

"आताही काही नाही."

घड्याळाचा काटा तासाचा फेरा पुरा करून आला. पाणी नितळच होतं.

"अजून काहीच होत नाहीये, बाबा," ताई बरणीला नाक लावून म्हणाल्या.

"मग बघत काय बसलीस?" सासरे म्हणाले. "दुसरं सोड. सत्तेचाळीस उरलीत."